पांढरे चिंचोके

माझं लग्न माझ्या सख्ख्या मामाशी ठरलं होतं आणि मला त्याचा फार आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं माझ्याविषयी कुणाचा उगीच चांगला समज व्हायला नको. मामाचं एक लग्न झालेलं होतं. त्याची बायको आमच्याच घरात राहत होती, रोज माझी वेणी घालत होती, आणि माझाही तिच्यावर जीव होता. हे सगळं ठाऊक असून आनंद झाला होता. तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात एका वेळी एकच वस्तू मावते, आणि माझ्या डोक्यात तेव्हा सोन्याच्या पुतळ्यांची माळ मावली होती.

आमच्याकडची नाती बाहेरच्याला समजावताना घाम फुटतो. पण हे प्रकरण नात्यांचंच आहे, तेव्हा एकदाच नीट सांगते. दुधनी गावात माझी अज्जी, म्हणजे माझ्या आईची, अव्वाची, आई. तिला तीन मुलं: थोरली मावशी, मधली माझी अव्वा, धाकटा मामा. मावशी तरुणपणीच वारली, तिच्या नवऱ्यानं दुसरं घर मांडलं, आणि मावशीची पोर नीलव्वा अज्जीच्या मांडीवर वाढली. ती वयात आल्यावर अज्जीनं तिला मामाच्याच पदरात घातली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भाचीवर पहिला हक्क मामाचा, ही आमच्यातली रीत. घरातलं सोनं घरात राहतं, असं म्हणायचे. त्यामुळं नीलव्वा माझी मावसबहीणही होती आणि मामीही. अज्जी तिची आजीही होती आणि सासूही. मी तिला नीलक्का म्हणायची, ती शेवटपर्यंत नीलक्काच राहिली. मामा अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, दुकानात कामाला, म्हणून दोघं सोलापुरात आमच्याजवळ राहत.

खाली अप्पांचं धान्याचं दुकान आणि वर लाकडी तक्तपोशीची माडी, तिच्यात आम्ही. त्या घराइतकं गोंगाटाचं घर मी नंतर पाहिलं नाही. गिरणीचा भोंगा व्हायचा तेव्हा खिडकीचे गज थरथरायचे आणि फळीवरची पितळी भांडी आपापसात कुजबुजायची. मागच्या गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे माग दिवसभर खटखटत. अव्वा शेंगांची चटणी उखळात कुटायची, आणि तेल सुटेपर्यंत तिचा हात थांबायचा नाही, मग शेजारीण दाराशी येऊन कितीही बोलत उभी राहो. कडक भाकऱ्यांची चवड दुरडीत असायची. अप्पा जेवायला बसले की पहिली भाकरी अशी मोडायचे की कौल फुटल्यासारखं वाटावं. घरात हळू कुणी बोलतच नव्हतं, कारण हळू बोललेलं कुणाला पोचत नव्हतं. अशा घरात नीलक्काची थोरली काशी चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नाही, तेव्हा मी शहाणपणानं सांगितलं होतं की बिचारीला मध्ये बोलायला फटच मिळत नाही.

तिच्यासाठी करायचं ते सगळं झालं होतं. वेखंड उगाळून जिभेला लावलं. देवळातल्या घंटेत पाणी भरून ते पाजलं. काशी पाणी प्यायची, तोंड पुसायची आणि हसायची. नीलक्कानं तिच्याशी बोलायची स्वतःची तऱ्हा काढली होती. भाकरीला तळहातावर तळहात, मांजराला ओठांवरून दोन बोटं, आणि पाठमोऱ्या काशीला बोलवायचं असेल तर माडीच्या फळीवर टाच आपटायची. टाचेचा हादरा फळीतून जायचा आणि काशी गर्रकन वळायची. खाली तक्तपोशीतली माती अप्पांच्या तुरीच्या डाळीत पडायची. अप्पा खालून ओरडायचे, "अगं, जरा हळू बोलवा की तिला!"

मग बसू झाला. मुलगा झाला म्हणून दुधनीला साखर वाटली. तो पाच महिन्यांचा असताना एकदा दुपारच्या भोंग्याच्या वेळी मी पाणी प्यायला आत गेले, तर नीलक्का पाळण्याच्या दोरीला हात लावून नुसती उभी. पाळणा हलवत नव्हती. बसू झोपला होता. भोंगा झाला. गज थरथरले, भांडी वाजली, शेजारची दोन पोरं रडायला लागली. बसूची पापणीसुद्धा हलली नाही. नीलक्का भोंगा संपेपर्यंत उभी राहिली आणि मग भाकऱ्या करायला बसली. त्या दिवशी तिनं एकही भाकरी बिघडवली नाही, म्हणून घरात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं होतं. मी पाणी पिऊन खेळायला गेले.

महिन्याभरात ते सगळ्यांनाच कळलं. अज्जी दुधनीहून आली, दोन्ही पोरांच्या कानांशी थाळी वाजवून पाहिली, आणि संध्याकाळी अव्वाला म्हणाली की एक पोर असं निघालं तर नशीब म्हणावं, दोन निघाली तर कूस म्हणावं. पुढचं तिनं इतक्या सहज सांगितलं की जणू दुरडीतली भाकरी बदलायची होती. मामा तरुण आहे, वंशाला ऐकतं-बोलतं पोर हवं, आणि घरात दुसरी भाची आहेच. कायद्यासाठी मला चौदा पूर्ण व्हायची तेवढी वाट पाहायची. नीलक्काला कुणी घालवून देणार नव्हतं. ती राहील, पोरं सांभाळील, स्वयंपाक करील. जायला तिला दुसरं घरही नव्हतं, माहेर आणि सासर एकाच उंबऱ्यात. अप्पा खाली दुकानात उतरले. मामा खाली मान घालून बसला. तो एकूणच खाली मान घालून बसणारा माणूस होता. मला अज्जीनं पुतळ्यांची माळ गळ्याशी धरून दाखवली आणि मी आरशात पाहून आले. माळ नीलक्काच्या पेटीतली होती. तेही मला दिसलं होतं.

डॉक्टर लिमये आमच्या घरात आले ते याच दिवसांत. ते कान-घशाचे डॉक्टर, पुण्याकडचे. मामानं काशीला त्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी तिच्या कानामागच्या हाडाला एक वाजणारा चिमटा लावून पाहिला, टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी मामाला विचारलं की नवरा-बायकोचं लग्नाआधीचं काही नातं होतं का. मामानं अभिमानानं सांगितलं. तेव्हा डॉक्टरांनी टाक खाली ठेवला म्हणे, आणि आमच्या घरी यायची परवानगी मागितली. अशा घराण्यांची माहिती ते एका वहीत उतरवत होते. अव्वाला वाटलं, पुतण्यासाठी मुलगी बघायला येतोय. अज्जीला वाटलं, सरकारचा माणूस आहे. त्यांना आमच्या हातचं काही चालेल की नाही याचा अंदाज नव्हता, म्हणून दूध ठेवलं. त्यांनी दूध प्यायलं आणि चहा आहे का विचारलं.

बायका दाराआड. अज्जीला मराठी कळायचं, पण परक्या पुरुषाशी बोलायची तिची तयारी नव्हती, आणि जे बोलायचं ते ती कानडीतच बोले. मी मराठी शाळेत पाचवीत, म्हणजे घरातली विद्वान. मला दुभाषी नेमलं. डॉक्टरांनी मोठा कागद पसरला आणि कोण कुणाचं हे विचारत विचारत खुणा काढत गेले. पुरुषाचा चौकोन, बाईचं वाटोळं, लग्नाची आडवी रेघ, पोरांची उभी. ज्याला ऐकू येत नाही त्याची खूण शिसपेन्सिलीनं काळी भरायची. मला ते रांगोळीसारखं वाटलं आणि मी दुसऱ्या कागदावर माझी स्वतःची प्रत काढू लागले. डॉक्टरांना कौतुक वाटलं. त्यांनी मला पेन्सिल दिली. पेन्सिल मिळाल्यावर मला कुणी थांबवू शकत नसे.

मग त्यांनी मुख्य प्रश्न विचारला. वरच्या पिढ्यांत कुणी न ऐकणारं, न बोलणारं होतं का? मी दाराआड जाऊन कानडीत विचारलं. अज्जी ताडकन म्हणाली, "आमच्या घराण्यात? त्येला सांग, आमच्या घराण्यात स्वामी होऊन गेलेत."

स्वामी म्हणजे मौनी अज्जा, अज्जीचे धाकटे दीर. त्यांनी लहानपणीच मौनव्रत घेतलं आणि मरेपर्यंत एक शब्द उच्चारला नाही. दुधनीच्या बाहेर आमच्या शेताच्या कडेला त्यांची समाधी आहे, दरवर्षी तिथं जत्रा भरते. वाचणाऱ्याच्या डोक्यात आत्ता जो उजेड पडला असेल, तो माझ्या डोक्यात पडायला पुढं तीन महिने लागले. मी बाहेर येऊन डॉक्टरांना अज्जीच्या बोलण्याचं सार सांगितलं: "कुणी नव्हतं म्हणते." एवढं लांबलचक वाक्य मी दोन शब्दांत बसवलं याचा मला गर्वही झाला. स्वामींचा चौकोन मात्र मी माझ्या कागदावर काढला आणि भोवती किरण काढले. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? म्हटलं, हे देव आहेत. ते हसले. देवाविषयी त्यांनी काही विचारलं नाही.

जाण्याआधी त्यांनी मामाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. मी खेळत होते ते चिंचोके त्यांनी मागून घेतले. काही तपकिरी, काही घासून पांढरे केलेले. ते म्हणाले, समजा प्रत्येक माणसाच्या कनवटीला असे दोन चिंचोके आहेत, एक आईनं दिलेला, एक बापानं दिलेला. पोर झालं की आई न बघता आपल्यातला एक देते, बापही एक देतो. एक जरी तपकिरी असला तरी पोर ऐकतं. दोन्ही पांढरे आले तर मात्र ऐकत नाही. ज्याच्याजवळ एक तपकिरी, एक पांढरा, त्याला स्वतःला काही होत नाही आणि त्याला ते कळतही नाही. असा पांढरा कितीतरी घरांत निजलेला असतो, पण परक्या घरात लग्न झालं तर पांढऱ्याला पांढरा भेटणं कठीण. एकाच घरात देवाणघेवाण होत राहिली की भेटतो. "तुमच्याकडे तो आधीपासून असावा असा माझा संशय आहे," ते म्हणाले, "पण वरच्या पिढीतलं एकही उदाहरण नाही, तेव्हा खात्रीनं सांगता येत नाही."

हे मी नीट ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, पुढं आठ दिवस शाळेतल्या सगळ्या मुलींची एकमेकींच्या भावांशी लग्नं लावून चिंचोक्यांनी त्यांना पोरं काढून दिली. एका बाईंची तर मी अकरा पोरं काढली. आणि एवढा खेळ करूनही, दोन चिंचोक्यांतला एक बापाचा असतो आणि काशीचा बाप मामा आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मामाकडं पांढरा चिंचोका कसा असेल? मामा नवरदेव होता. मी माझा कागद घेऊन घरभर फिरले. वरती सगळे कोरे, स्वामींना किरण, आणि खाली दोनच काळ्या खुणा, दोन्ही नीलक्काच्या खाली. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही तो कागद वाचता येत होता. अज्जीनं बोट ठेवून विचारलं, ह्या काळ्याच्या वर कोण? मी म्हटलं, नीलक्का. अज्जी म्हणाली, डॉक्टराच्या कागदानंच सांगितलं की मग.

नीलक्का तेव्हा माझ्या मागं बसून माझी वेणी घालत होती. तिनं वेणी पुरी केली, रिबीन बांधली, आणि माझ्या पाठीवर नेहमीसारखी थाप मारली. ती थाप मला अजून आठवते. थाप जोरात बसली असती तर मी विसरले असते.

जत्रेला आम्ही सगळे दुधनीला गेलो. या वर्षी जत्रेत स्वामींचा कौल लावायचा होता. समाधीच्या दगडावर ओलं फूल चिकटवायचं आणि वाट पाहायची. उजवीकडं पडलं तर होकार, डावीकडं पडलं तर नकार. माझ्या लग्नाचा कौल होता, म्हणून मला नवा परकर-पोलका शिवला होता आणि मी दुधनीच्या पॅसेंजरमध्ये पायही खाली टेकवत नव्हते, धूळ लागेल म्हणून.

समाधीपुढं लाकडी फळ्यांचा मोठा कट्टा आहे. पाया पडायला येणारा आधी त्या कट्ट्यावर चढतो, तीनदा टाच आपटतो, आणि मग वाकतो. का आपटायची, हे कुणी कधी विचारलं नाही. स्वामींना जागं करायचं, असं म्हणत. मीही जन्मापासून आपटत आले होते. त्या सकाळी काशी कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडं पाठ करून झेंडूच्या पाकळ्या वेचत बसली होती. दूध घेऊन एक म्हातारा वर चढला. त्यानं टाच आपटली. काशी गर्रकन वळली. इकडं तिकडं पाहिलं, आई दूर आहे असं दिसल्यावर परत पाकळ्या वेचू लागली. मग दोन बायका आल्या. टाच. काशी वळली. मग एक बाप मुलाला घेऊन आला. टाच. काशी वळली.

चौथ्या वेळी मी नीलक्काकडं पाहिलं. ती काशीकडं पाहत नव्हती. फळ्यांकडं पाहत होती. मग तिनं समाधीकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं. मी घाबरले, आणि ती भीती नीलक्कासाठी होती असं लिहायला मला आवडलं असतं. पहिली भीती माझ्यासाठीच होती. स्वामी माझ्या आजोबांचे, म्हणजे अज्जाचे, भाऊ. अज्जाची मुलं मावशी, अव्वा, मामा. मावशीची नीलक्का. अव्वाची मी. परकराच्या ओच्यात चिंचोके होते, ते एकदम जड झाले.

अज्जी मागच्या चुलाण्यावर हुग्गी शिजवत होती. गहू शिजून फुटले होते, गूळ पडला होता, आणि भोवतीच्या बायका पाणी आणायला विहिरीवर गेल्या होत्या. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "अज्जी, स्वामी मौन धरायच्या आधी बोलायचे का?"

तिनं उलथणं थांबवलं नाही. "सुम्निरु," म्हणाली. म्हणजे गप बस. मी गप बसले नाही. तो माझा स्वभावच नव्हता. म्हटलं, मग आपण टाच का आपटतो? नीलक्का काशीला तशीच बोलावते.

मग अज्जी कढईकडं बघत बोलू लागली. कानडीतच, मी मराठीत लिहिते.

"मी नऊ वर्साची हितं आले. तो धा वर्साचा आसंल. खेळायला मला तोच होता. एकदा मागनं बैल उधळला. सगळी वरडली, ह्यो उभाच. मी सदरा धरून वडला त्येला. तवा कळलं मला."

"मग मौन?"

"ते माझ्या सासूनं ठिवलेलं नाव. नणंदेला बघायला पावणे आलते. ह्यो दारात बसलेला, हाक मारली तर वळंना. सासू म्हणली, पोरानं मौन धरलंय, देवाचा हाय. पावण्यांनी उटून पाय धरले की त्येचे. नणंदेचं जमलं. एकदा बोलल्यालं मागं कसं घ्यायचं?"

"आणि तू?"

"मी बी पाया पडले. पन्नास वर्सं पडतीया. पडता पडता खरंच वाटाय लागलं."

मी विचारलं, मग नीलक्काचा काय दोष? अज्जीनं पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली. "तूच दाखीवलास न्हवं कागद? तिच्या खाली काळं हाय म्हणून?"

मी ओच्यातले चिंचोके तिच्यापुढं मातीवर ओतले आणि डॉक्टरांनी मांडले तसे मांडू लागले. हा अज्जाचा पांढरा. हा मावशीला गेला, तिच्याकडून नीलक्काला. हा मामाला गेला. दोन्ही एकाच घरातले. काशीला दोन्ही आले, बसूला दोन्ही आले. मग अव्वाची जोडी मांडली आणि तिथं माझा हात थांबला, कारण अव्वाला कुठला गेला हे मला ठाऊक नव्हतं. अज्जीनं एक पांढरा चिंचोका उचलला, अंगठ्यानं उलटा-सुलटा केला. "तुला बी आसंल म्हणतीस?" म्हटलं, असेल. नसेलही. तेवढ्यात बायका विहिरीवरून आल्या. अज्जीनं तो चिंचोका कनवटीला लावला आणि हुग्गीत तूप घालायला सांगितलं.

कौल दुपारी लावला. अय्या, म्हणजे तिथला पुजारी, आणि अज्जी समाधीला लागून बसले. मागं अप्पा, अव्वा, मामा, आणि सगळ्यांत मागं दोन पोरं घेऊन नीलक्का. मी नवरी म्हणून पुढं, अज्जीच्या खांद्याशी. फूल चिकटवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग फूल सुटलं आणि उजवीकडं पडलं.

मी पाहिलं. अय्यानं पाहिलं. अज्जीनंही पाहिलं, आणि पदर सावरल्यासारखं करून ती त्या फुलावरच वाकली, नमस्काराला कपाळ टेकवावं तशी. उठली तेव्हा फूल डावीकडं होतं. "स्वामी नको म्हणत्यात," ती म्हणाली.

अय्यानं तोंड उघडलं. अज्जीनं शांतपणे विचारलं, "तुमाला काय येगळं दिसलं का, अय्या?" अय्यानं समाधीकडं पाहिलं, अज्जीकडं पाहिलं, आणि म्हणाला की उन्हात त्याला हल्ली नीट दिसत नाही.

मामानं मान वर केली. त्याला सुटल्यासारखं झालं होतं हे मला तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला पुतळ्यांची माळ गेलेली दिसत होती, खोटं कशाला बोलू. भीतीही वाटत होती आणि माळही हवी होती. जमलेल्यांतली एक म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, घरात दोन-दोन मौनी आलेत, स्वामींचीच कृपा, या पोरांनाही समाधीपाशी बसवा. मला वाटलं, झालं, आता काशी-बसूचे पाय लोक धरणार. अज्जी म्हणाली, "एक स्वामी बास झाला. पोरास्नी कामधंदा शिकवायचा हाय." आणि मग नीलक्काकडं वळून, सगळ्यांदेखत, "नीले, पान वाढाय घे. तूच वाढायचं आज." जत्रेची पहिली पंगत घरच्या सुनेनं वाढायची असते. नीलक्कानं बसूला माझ्या मांडीवर दिलं आणि हुग्गीची बादली उचलली. माळ त्याच आठवड्यात तिच्या पेटीत परत गेली. अज्जीनं माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडं ती पद्धत नव्हती.

सोलापूरला आल्यावर नीलक्का मला म्हणाली, तो कागद घे, चल. आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. ती पहिल्यांदाच डॉक्टरांसमोर उभी राहिली. मी सगळं सांगितलं. या वेळी अज्जीचं एकही वाक्य गाळलं नाही, बैलसुद्धा गाळला नाही. डॉक्टरांनी किरणांच्या चौकोनावर बोट ठेवलं. मग पेन्सिल घेतली. नीलक्कानं हात पुढं केला. तिला लिहिता येत नव्हतं, पेन्सिल तिनं रवी धरावी तशी मुठीत धरली, आणि स्वामींचा चौकोन काळा केला. अगदी सावकाश, कोपरे भरून, रेघेच्या बाहेर एक कणही न जाऊ देता. किरण तिनं तसेच ठेवले.

डॉक्टरांनी त्या चौकोनापासून बोट खाली आणलं, एकदा नीलक्काच्या बाजूनं, एकदा मामाच्या बाजूनं. दोन्ही वेळा बोट काशी-बसूवरच येऊन थांबलं. ते म्हणाले, "बघा. यात तुमची एकटीची चूक कधीच नव्हती. कुणाचीच नव्हती." नीलक्का म्हणाली, "मला म्हाईत हाय. तुमी लिवा ते." त्यांनी लिहिलं. मी विचारलं, माझ्याकडं आहे का? ते म्हणाले, असेल किंवा नसेल, मला सांगता येणार नाही. पुढं कधीतरी कुणीतरी सांगेल.

माझं लग्न कुर्डुवाडीच्या रेल्वेतल्या कारकुनाशी झालं. आमच्यातलाच, पण सात पिढ्यांत कुठं नातं नाही अशा घरातला. अप्पांनी सोयरीक बघताना पाहुण्यांना एवढं खोदून विचारलं की ते आम्हालाच सरकारी माणसं समजले. मला पाच मुलं झाली. प्रत्येकाच्या पाळण्याशी मी आठवड्याच्या आत थाळी वाजवली आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या. नीलक्काला आणखी दोन झाली, दोन्ही ऐकणारी. शेवटपर्यंत त्या दोघांपेक्षा काशी-बसूशीच तिचं जास्त बोलणं व्हायचं. काशी शिवणकामात हुशार निघाली. बसू गिरणीत माग-खात्यात लागला. तिथल्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे हातांनीच बोलतात. मामा सांगायचा, त्या खात्यात सगळ्यांत बडबड्या म्हणून बसूचं नाव होतं.

माझी नात पुण्याला कुठल्याशा प्रयोगशाळेत आहे. गावोगावच्या, आपसात लग्नं करणाऱ्या घराण्यांचं रक्त घेऊन ती तेच करते जे डॉक्टर लिमये पेन्सिलीनं करत होते. मागच्या वर्षी तिनं विचारलं, आजी, तुझं बघू का? म्हटलं, बघ, मला पेन्सिल मिळाल्यापासून उत्सुकता आहे. महिन्यानं तिचा फोन आला. पांढरा निघाला. माझ्या कनवटीला तो जन्मभर होता, माळ घालून आरशात बघत होते तेव्हाही. ती जरा जपून सांगत होती, म्हातारीला धक्का बसेल म्हणून. मी विचारलं, जत्रेला येतेस का?

ती आली. कट्ट्याच्या फळ्या आता नव्या आहेत, पण लाकडाच्याच. मला धरून तिनं वर चढवलं. मी काठी तिच्या हातात दिली आणि टाच आपटली, एकदा, दोनदा, तीनदा. गुडघ्यातून कळ गेली. ती म्हणाली, "अगं आजी, हळू आपट. एवढ्या जोरात कशाला?"

म्हटलं, "हळू आपटलं तर त्यांना कळत नाही."